लुस्त्रचा जमाव आणि लूकची लेखणी

पास्काकाळाच्या पाचव्या सप्ताहात सोमवारच्या मिस्सामध्ये लुस्त्र नगरीतील पुष्पमाळांचे वाचन होते आणि मंगळवारी तेथील दगडफेकीचे. ही विभागणी सोयीची असली, तरी तिच्यामुळे लूकच्या एका उत्कृष्ट कथनाचे दोन तुकडे होतात. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा 14वा अध्याय सलग वाचला, तरच त्याची धार जाणवते.

लुस्त्र ही आजच्या तुर्कस्तानातील कोन्या शहराच्या दक्षिणेस, सम्राट ऑगस्टसने वसविलेली रोमन वसाहत. 1885 साली सापडलेल्या एका शिलालेखामुळे तिचे स्थान निश्चित झाले. येथे पौल एका जन्मतः पांगळ्या माणसाला उभे करतो. लोक बर्णबाला झ्यूस व पौलाला हर्मेस समजतात आणि झ्यूसचा पुजारी बैल व माळा घेऊन येतो.

या लोकांना भोळसट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु रोमन कवी ओविडच्या ‘मेटामॉर्फसिस’ काव्यात शेजारच्याच फ्रिजियातील एक कथा आहे. मनुष्यरूपात आलेल्या याच दोन देवांना हजार घरांची दारे बंद मिळाली. एका वृद्ध दांपत्याने तेवढा आसरा दिला आणि बाकीची वस्ती पाण्यात बुडाली. अशी कथा लुस्त्रवासीयांच्या कानी असेल, तर त्यांच्या घाईमागे भय आणि आतिथ्य दोन्ही असणार.

लूकचे खरे कसब एका तपशिलात आहे: लोक लुकवनी भाषेत ओरडले. प्रेषितांना अनर्थ उशिरा का उमगला, याचे उत्तर त्यात आपोआप मिळते. पुढे पौलाच्या भाषणात शास्त्रवचन नाही, ख्रिस्ताचे नावही नाही. पाऊस, ऋतू आणि अन्न यांचा दाता असलेला जिवंत देव आहे. श्रोत्यांच्या शेतापासूनच तो बोलू लागतो. तरीही लूक विजयाचा डांगोरा पिटत नाही. यज्ञ कसाबसा थांबला, एवढेच तो नोंदवितो.

एक उणीव मात्र मान्य करावी लागेल. अंत्युखिया व इकुन्या येथून आलेल्या विरोधकांनी जमाव फिरविला, हे लूक एका वाक्यात उरकतो. बरा झालेला माणूसही पुन्हा दिसत नाही. पण या घाईतूनच एक कटू सत्य उघडे पडते. ज्यांनी पौलाला देव केले, त्यांनी त्याला माणूस म्हणून पाहिलेच नव्हते. म्हणून दगड उचलणे त्यांना जड गेले नाही.

मेला समजून नगराबाहेर टाकलेला पौल उठून त्याच नगरात परततो. पुढे 16व्या अध्यायात लुस्त्र येथेच तीमथ्य भेटतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या विश्वासाचा गौरव आहे. चौकातील जयघोष एका दिवसात विरला. घरातील दोन स्त्रियांची श्रद्धा मात्र टिकली. लुस्त्रची कथा वाचताना आपले लक्ष कोणत्या दृश्यावर खिळते, यात वाचक म्हणून आपलीही परीक्षा आहे.