ओमेगा-सी बॅरिऑनची अंतर्गत रचना : एका सैद्धांतिक भाकिताची चिकित्सा

बॅरिऑन हा तीन क्वार्कांचा कण, ही व्याख्या सोपी आहे. परंतु त्याच्या उत्तेजित अवस्था मूळ सिद्धांतातून काढणे अवघड असते. या दृष्टीने एम. पद्मनाथ आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नीलमणी माथूर यांचा २०१७ चा शोधनिबंध लक्षणीय ठरतो.

त्याच वर्षी सर्नमधील एलएचसीबी प्रयोगात ओमेगा-सी या बॅरिऑनच्या पाच नव्या अवस्था आढळल्या. दोन स्ट्रेंज व एक चार्म क्वार्क ही त्याची घडण. अवस्थांची वस्तुमाने कळली, स्पिन मात्र कळले नाही. उभय लेखकांनी अवकाश-काळाचे जाळे कल्पून तीव्र बलाची गणना संगणकावर केली आणि वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने १/२, १/२, ३/२, ३/२ व बहुधा ५/२ असे स्पिन प्रतिपादिले. गणनेतील अंक या अवस्थांशी जुळवून घेतलेले नव्हते, हे तिचे बलस्थान होय.

मर्यादाही स्पष्ट आहेत. गणनेतील पायॉनचे वस्तुमान सुमारे ३९१ एमईव्ही होते; निसर्गात ते सुमारे १४० आहे. ओमेगा-सीच्या घटकांत हलका क्वार्क नसल्याने ही तफावत गौण वाटते. परंतु या अवस्थांच्या विघटनातून निघणाऱ्या झाय-सी व केऑन कणांत हलके क्वार्क असतात. अवस्था स्थिर मानल्याने विघटनाचा परिणाम गणनेबाहेर राहिला.

२०२१ मध्ये एलएचसीबीने पहिल्या चार स्पिनांचा हा क्रम ३.५ प्रमाण विचलनांच्या पातळीवर नाकारला. शोधासाठी रूढ असलेली पाचाची पातळी त्याने गाठलेली नाही. तरीही आक्षेप गंभीर आहे. त्याचे मूळ उपरोक्त मर्यादांत आहे काय, हे विघटनासह केलेली गणनाच ठरवू शकेल. प्रयोगाने तपासता येईल असे नेमके विधान करणे, हे या निबंधाचे श्रेय मात्र अबाधित राहते.