तेरजेपासून विवरणपत्रापर्यंत

टॅलीतली तेरीज कराच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली की मध्ये एक पान उघडते. डावीकडे दुकानदाराने वर्षभर वापरलेल्या खात्यांची नावे, उजवीकडे आयकर विवरणपत्रातले रकाने. कुठले खाते कुठल्या रकान्यात बसवायचे, हे तिथे माणसाने ठरवायचे असते. कचेऱ्यांत याला सगळे ‘मॅपिंग’ म्हणतात. मी त्याला जुळणी म्हणेन. काम इतके नित्याचे की त्याकडे कौतुकाने पाहावे असे कोणाच्या मनात येत नाही. शनिवार पेठेतल्या एका करसल्लागाराच्या कचेरीतली अशी एक जुळणी मी ओळीने वाचली आणि तिच्यातल्या निवडी मनात घर करून राहिल्या. अप्पा बळवंत चौकाजवळच्या पुस्तके, वह्या आणि लेखनसाहित्याच्या एका दुकानाची ही जुळणी, आर्थिक वर्ष 2024-25 ची. मालकांनी ती वाचू दिली, दुकानाचे नाव आणि रकमा बाहेर येणार नाहीत या बोलीवर. ती केली आहे कचेरीत हिशोब पाहणाऱ्या ताईंनी.

आधी डावी बाजू. खात्यांची नावे अशी: ‘टेम्पो’, ‘हमाली’, ‘सुतळी-कागद’, ‘वर्गणी’, ‘लक्ष्मीपूजन’, ‘घरी दिले’, ‘प्रिंटर नवा’, ‘शाळा जुने येणे’. ही नावे अशी बोलकी राहिली याचे श्रेय टॅलीच्या मूळ कल्पनेला आहे. 1986 मध्ये बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी हे सॉफ्टवेअर घरच्या धंद्याच्या गरजेतून उभे केले. त्या काळी संगणकावर हिशोब म्हणजे प्रत्येक खात्याला आकडी संकेतांक. गोयंकांनी तो काढून टाकला आणि खात्याला नाव पुरेसे मानले. नवी कंपनी उघडली की टॅलीत 28 गट तयार मिळतात, त्यांतले 15 मूळ आणि 13 उपगट. खाती मात्र दोनच, रोख आणि नफा-तोटा. बाकीची सारी दुकानदार आपल्या बोलीत घडवतो. म्हणून या तेरजेत दुकान ऐकू येते: जूनमधली शाळांची झुंबड, पोत्यांवरची हमाली, गणपतीत पावतीपुस्तक घेऊन येणारी मंडळाची पोरे.

उजवी बाजू ठरीव. विवरणपत्र क्रमांक 3 मधल्या नफा-तोटा भागात भाडे, वीज, दूरध्वनी, विमा, जाहिरात, प्रवास, कर्मचाऱ्यांचा पगार आणि बोनस असे वेगवेगळे रकाने आहेत, आणि शेवटी ‘इतर खर्च’. हा शेवटचा रकाना मी जुळणीची पहिली परीक्षा मानतो. घाईच्या जुळणीत तो फुगतो. कळले नाही, वेळ नव्हता, विचारायचे राहिले, ते सारे त्यात जाऊन पडते. विवरणपत्र ते मुकाट्याने स्वीकारते. ताईंच्या जुळणीत हा रकाना लहान आहे. त्यातही एका ठिकाणी माझे मत वेगळे पडते: ‘सुतळी-कागद’ त्यांनी इथे ठेवले आहे, मी ते थेट खर्चात नेले असते. गठ्ठे बांधल्याशिवाय या दुकानातून माल हलत नाही.

भाडे, वीज, फोन या ओळींवर थांबण्याचे कारण नाही. सॉफ्टवेअरला त्या गेल्या वर्षीपासून पाठ आहेत.

‘टेम्पो’पाशी मात्र थांबावे लागते. टॅलीत हे एकच खाते आहे, पण त्यात दोन दिशांचे भाडे मिसळले आहे. वह्यांचा माल दुकानात आला तेव्हाचे, आणि शाळेची मागणी दुकानातून पोचवली तेव्हाचे. येणाऱ्या मालाचे भाडे व्यापार खात्यात जाते आणि ढोबळ नफा कमी करते. जाणाऱ्या मालाचे भाडे नफा-तोट्यात जाते. निव्वळ नफा दोन्ही वाटांनी तोच राहतो, कराची रक्कम एका रुपयानेही हलत नाही, म्हणून बहुतेक जण खाते अख्खेच एका रकान्यात टाकून मोकळे होतात. ताईंनी व्हाउचर उघडून ते दोन भागांत फोडले. कारण लेखापरीक्षणाच्या नमुना 3सीडीमध्ये ढोबळ नफ्याचे उलाढालीशी प्रमाण द्यावे लागते, चालू वर्षाचे आणि मागच्याही वर्षाचे. मागच्या वर्षी खाते फोडले आणि यंदा अख्खे टाकले, तर दुकानात काहीच बदलले नसताना कागदावर नफ्याचे प्रमाण बदलते. पुढे कोणी विचारले तर मालकांना खुलासा देता येणार नाही, कारण खुलासा करण्याजोगे काही घडलेलेच नसेल. हे त्यांना दिसले, म्हणून त्या सप्टेंबरच्या गर्दीतही व्हाउचरांपर्यंत गेल्या. त्याच व्हाउचरांत त्यांनी रोखीचीही नोंद पाहिली. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो, मालवाहतुकीच्या भाड्याला मात्र 35,000 पर्यंत मुभा आहे. टेम्पोवाल्याला दिलेली मोठी रोख रक्कम म्हणून सुखरूप राहिली. तीच ‘किरकोळ खर्चा’त जमा झाली असती तर गेली असती.

या पेठेत हे काम नवे नाही. शनिवारवाड्यातल्या हुजूर दफ्तरात रोजकीर्द तारीखवार लिहिली जाई. जे आले, जे गेले, जी सनद निघाली, ते घडले त्या क्रमाने. पुढे त्याच नोंदी बाबवार खतावल्या जात आणि त्यांतून ताळेबंद उभा राही. महालांतून कमाविसदारांचे हिशोब येत, त्यांची छाननी इथे होई. एकबेरीज दफ्तरात तर निरनिराळ्या दफ्तरांची जमा, खर्च आणि शिल्लक एका ठराविक नमुन्यात आणली जाई. प्रत्येक महालाच्या हिशोबाला स्थानिक वळण, आणि पुण्यात सगळ्यांसाठी एक साचा. फडातल्या कारकुनापुढचा प्रश्न ताईंपुढच्या प्रश्नाहून फार वेगळा नव्हता. गणेश चिमणाजी वाडांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांतून केलेल्या निवडी चाळताना मला नेहमी त्या कारकुनांचे अप्रूप वाटते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त ढिली पडली, आणि त्याचे नुकसान नंतरच्या प्रत्येक संशोधकाला सोसावे लागले.

वर्ष कुठे सुरू होते हेही या परिसराने बदलताना पाहिले. पेशवाईत मृगसाल, सूर्य मृगात शिरला की. व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीचे, वहीपूजनापासून. आयकर कायद्यानेही दिवाळी ते दिवाळी हिशोब ठेवायला बराच काळ मोकळीक दिली होती. 1989-90 च्या आकारणी वर्षापासून मात्र सर्वांना 31 मार्च सक्तीचा झाला. दुकानात आजही लक्ष्मीपूजनाला लाल वहीची पूजा होते आणि हिशोब टॅलीत चालतो. या दोन्ही गोष्टी तेरजेत शेजारीशेजारी आहेत, आणि तिथेच या जुळणीतली मला सर्वांत आवडलेली जागा आहे.

‘वर्गणी’ आणि ‘लक्ष्मीपूजन’. विवरणपत्रात ‘सण साजरे करण्याचा खर्च’ असा स्वतंत्र रकाना खरोखरच आहे, आणि सॉफ्टवेअरने दोन्ही खाती तिकडे सुचवली होती. ताईंनी मालकांना फोन लावला.

‘काका, वर्गणी म्हणजे मंडळाचीच ना सगळी?’

‘हो ताई, पावती आहे माझ्याकडे. का हो, चालत नाही का?’

‘पावती राहू द्या फाइलला. पण ती लक्ष्मीपूजनात नको, वेगळी काढते.’

हा फरक बारीक आहे आणि पक्का आहे. दिवाळी आणि मुहूर्ताच्या खर्चाबद्दल केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 1968 मध्येच कळवले होते, की तो धंद्यासाठी झालेला असेल, वैयक्तिक, सामाजिक किंवा धार्मिक स्वरूपाचा नसेल, तर मान्य करावा. दुकानात केलेली वहीपूजा, त्या संध्याकाळी ग्राहकांना आणि नोकरांना दिलेली मिठाई, ही धंद्याची रीत. मंडळाची वर्गणी सामाजिक. तिने पेठेत संबंध राहतात हे खरेच, पण कायद्याच्या कसोटीवर ती उतरणे अवघड. ताईंनी लक्ष्मीपूजन सणाच्या रकान्यात ठेवले, वर्गणी देणगीच्या रकान्यात नेली आणि उत्पन्नात परत मिळवली. मालकांना थोडा कर जास्त लागला. पण त्यांच्या खर्चातली जी ओळ कायद्यापुढे उभी राहू शकते, ती आता दुसरीच्या संगतीने संशयात पडणार नाही. एका पुणेकर दुकानदाराचा भाद्रपद आणि आश्विन कायद्याच्या भाषेत इतक्या नेमकेपणाने वेगळे झालेले मी प्रथमच पाहिले.

देणेकऱ्यांची यादी हा या कामाचा सर्वांत अवघड भाग. तेरजेत फक्त शिल्लक दिसते: अमुक वही उत्पादकाचे इतके देणे, तमुक घाऊक व्यापाऱ्याचे इतके. 2023-24 पासून मात्र कलम 43बी(एच) लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत चुकते केले नाही, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. घाऊक व्यापारी या कलमात बसत नाही असे सामान्यतः मानले जाते, उत्पादक बसतो. आता या धंद्याचे चक्र पाहा. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून वह्यांचा माल मार्चपासून भरायला लागतात. म्हणजे 31 मार्चला देणी नेमकी फुगलेली. त्यांतले कुठले बिल मुदतीत आहे आणि कुठले मुदतीबाहेर गेले, हे शिल्लक सांगत नाही. त्याला बिलवार तारखा लागतात, आणि त्या टॅलीत तेव्हाच सापडतात जेव्हा दुकानात नोंद करणाऱ्याने प्रत्येक भरणा त्या त्या बिलासमोर टाकलेला असतो. इथे कौतुक दुकानात नोंद करणाऱ्याचेही आहे. त्याने वर्षभर ती शिस्त पाळली, म्हणून ताईंना यादी दोन भागांत चाळता आली. मार्चमधली बहुतेक बिले मुदतीत होती आणि मुदतीतच चुकती झाली, ती तशीच राहिली. जानेवारीतले एक बिल अडकले, ते त्यांनी वेगळे काढून शेऱ्यात पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवले, म्हणजे पैसे दिल्यावर वजावट घ्यायची राहू नये.

जीएसटीबद्दल थोडक्यात. छापील पुस्तकावर कर नाही, पेनांवर 18 टक्के, आणि वह्यांवर त्या वर्षी 12 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्याही करमुक्त झाल्या. करमुक्त विक्रीच्या प्रमाणात दुकानाच्या भाड्यासारख्या सामायिक खर्चावरचे क्रेडिट परत करावे लागते. हे परत केलेले क्रेडिट टॅलीत ‘ड्युटीज अँड टॅक्सेस’ गटात येणे म्हणून पडून होते. जसेच्या तसे उचलले असते तर कधीही न मिळणारे पैसे ताळेबंदात मालमत्ता म्हणून मिरवले असते. ताईंनी ते खर्चात नेले.

‘घरी दिले’ या खात्यात मालकांची उचल आहे, आणि त्यातच एलआयसीचा हप्ता. बचत खात्याचे व्याज दुकानाच्या वह्यांत जमा आहे. ताईंनी व्याज धंद्यातून काढून ‘इतर साधनांपासूनच्या उत्पन्ना’त नेले. हप्ता मात्र उचलीतच ठेवला, कारण मालक नव्या करप्रणालीत आहेत आणि तिथे 80सीची वजावट नाही. दुकानदाराच्या एकाच गल्ल्यातून घर आणि दुकान दोन्ही चालतात. जुळणीत ती प्रथमच वेगळी होतात, तीही दोघांपैकी कोणावर अन्याय न करता.

उजवीकडे सगळे पूर्ण रुपयांत, डावीकडे पैसे. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पूर्णांकात आणली की बेरीज एखाद्या रुपयाने फसते. ताईंनी तो रुपया विक्रीत किंवा खरेदीत दडपला नाही. ‘पूर्णांक फरक’ अशी वेगळी ओळ ठेवली, दिसेल अशी. सस्पेन्स खाते शून्यावर आणल्याशिवाय त्यांनी इम्पोर्टचे बटण दाबले नाही, हेही नोंदवायला हवे.

आता ‘प्रिंटर नवा’. मालकांनी तो दसऱ्याला आणला आणि त्याच दिवशी पूजा करून बिले छापायला लावला. संगणकाला जोडलेल्या प्रिंटरवर घसारा 40 टक्के, पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्माच. 2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला होता. तेव्हापासून 31 मार्चपर्यंत 171 दिवस भरतात. म्हणून 20 टक्के, आणि समोर दिवसांची मोजणी लिहिलेली. दुकानाच्या वह्यांतला घसारा वेगळ्या दराने होता. तो त्यांनी आधी परत मिळवला आणि कायद्याप्रमाणेचा स्वतंत्र लावला, दोन आकडे एकमेकांत मिसळू दिले नाहीत.

1 एप्रिल 2026 पासून 1961 चा कायदा जाऊन 536 कलमांचा नवा आयकर कायदा आला आहे, ‘कर वर्ष’ आले आहे, आणि पाठ झालेली कलमे पुन्हा पाठ करावी लागतील. 2025-26 चा हिशोब मात्र अजून जुन्याच कायद्यात. त्याची जुळणी ताईंनी सुरू केली आहे. मालकांनी त्या दसऱ्यालाही एक प्रिंटर घेतला. शेऱ्याच्या रकान्यात ताईंनी लिहिले आहे: ‘दसरा 2 ऑक्टोबर 2025. 181 दिवस. घसारा पूर्ण 40 टक्के.’