सामानाच्या यादीतला माणूस

शिकारीच्या पुस्तकांची चर्चा बहुतेक वेळा शेवटच्या गोळीपाशी किंवा गळाला लागलेल्या माशापाशी येऊन थांबते. धाडस होते की क्रौर्य, वर्णन खरे की फुगवलेले, या दोन प्रश्नांत समीक्षा आटोपते. या पुस्तकांतला एक भाग मात्र वाचक भराभर उलटतो. तो म्हणजे तयारीचा. कुठल्या महिन्यात निघायचे, रेल्वे कुठवर नेते, पुढे बैलगाडी मिळते का, राहुटी किती वजनाची असावी, दोर कसला, गळ केवढा, आमिष कशाचे, बरोबर माणसे किती. माझे म्हणणे असे की, या लेखनप्रकाराची खरी परीक्षा याच पानांवर होते. दुर्गम रानात कुणी एकटा जात नाही. तो कुणाच्या भरवशावर जातो, हे तयारी सांगताना लपवता येत नाही. ते कसे सांगितले आहे, यावरून त्या पुस्तकाची नजर कळते.

हा विषय चेन्नईतून पाहण्याला कारण आहे. जुन्या मद्रास इलाख्यात पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेच्या दक्षिण कॅनरापर्यंतचा मुलूख होता. नीलगिरी, सेलम आणि कोइमतूरची राने त्यातच येत. इथल्या कलेक्टरांनी आणि लष्करी अधिकाऱ्यांनी शिकारीवर भरपूर लिहिले. आज त्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे निघतात आणि ती हौसेने वाचली जातात. जुना काळ, हिरवे रान, मोठा मासा असा त्यांचा मोह असतो. तो मोह नाकारण्याचे कारण नाही, पण त्याला प्रश्न विचारायला हवेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सहलीची तयारी पुस्तकात लिहिणे ही इंग्रजांची देणगी नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, सुमारे ११२९ साली, रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकींचे, सविस्तर वर्णन आहे. त्यात मृगया आहे आणि मत्स्यविनोदही आहे. काठी कशी हवी, दोरी कशाची, गळ कसा, कुठल्या माशाला कुठले खाद्य लावायचे, आधी त्यांना एका जागी खाऊ घालून कसे सोकावायचे, हे सारे तिथे आहे. समुद्रातले आणि नदीतले मिळून तीसपेक्षा जास्त मासे नावानिशी येतात. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला आणि त्यातले मासे आजच्या कुठल्या जातींशी जुळतात ते तपासले. मराठी वाचकाला ‘मानसोल्लास’ वेगळ्या कारणाने ठाऊक असतो : महाराष्ट्रात कांडताना बायका ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे जो ग्रंथ आपण ओवीचा पुरावा म्हणून उघडतो, तोच गळ टाकण्याचेही पाठ्यपुस्तक आहे.

आता या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. ओवीच्या नोंदीत गाणाऱ्या बायका दिसतात. मत्स्यविनोदात राजा दिसतो, मासे दिसतात, खाद्य दिसते, पण हे ज्ञान ज्यांच्याकडून आले ते दिसत नाहीत. नदीतला कुठला मासा कुठल्या गोळ्याला तोंड लावतो, हे राजवाड्यात बसून कुणाला कळलेले नाही. ते पाण्यात उभ्या राहणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले आहे. राजाच्या ग्रंथात ते शास्त्र झाले आणि शास्त्र होताना त्याचे मूळ मालक गळून पडले.

साडेसात शतकांनी हेच पुन्हा घडते. मद्रास सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले. थॉमस दक्षिण कॅनराचा कलेक्टर होता आणि मत्स्यसंवर्धनावर त्याने त्याआधीच सरकारी अहवाल लिहिला होता. वाङ्‌मय म्हणून हे पुस्तक वाचनीय आहे. सूर गप्पिष्ट, विनोद मिस्कील, आणि आपल्या विषयावर निस्सीम प्रेम. महसीर हा मासा झुंज देण्यात विलायतेतल्या सॅमनला मागे टाकतो, हे त्याचे मत पुढे गळवाल्यांच्या अनेक पिढ्यांनी उचलले. उपशीर्षकातच त्याने खेळाबरोबर माशांची पैदास आणि त्यांचे मोल हेही विषय जाहीर केले आहेत. नद्यांत विष कालवणे, बारीक विणीचे सापळे लावून पिल्लेसुद्धा उचलणे, याविरुद्ध तो सातत्याने लिहीत राहिला. पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली त्याच साली, १८९७ मध्ये, सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी करणारा भारतीय मत्स्य कायदा झाला.

थॉमसचे श्रेय नाकारू नये. पण त्याच्या कळकळीत एक गाठ आहे. नदीकाठचा माणूस अशा लेखनात दोनदा येतो. एकदा तो वाटाड्या असतो : डोह दाखवणारा, होडगे वल्हवणारा, आमिष आणून देणारा. दुसऱ्यांदा तो अपराधी असतो : सापळे लावणारा, नदी ओरबाडणारा. माणूस तोच, ज्ञानही तेच. साहेबाच्या सहलीसाठी वापरले तर ते कसब, स्वतःच्या पोटासाठी वापरले तर नासधूस. नीलगिरीत १८७७ मध्ये शिकाऱ्यांचा संघ स्थापन झाला आणि १८७९ मध्ये तिथल्या शिकारीसाठी आणि माशांसाठी खास कायदा आला. त्यानंतर तयारीच्या यादीत परवाना ही नवी वस्तू आली. परवान्याने रान वाचवले हे काही अंशी खरे. रानात कोण हौशी आणि कोण चोर, हेही त्यानेच ठरवले.

भाषेकडे पाहिले तर ही गाठ एका शब्दात सापडते. अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ मध्ये निघाला. त्यात ‘शिकारी’ या शब्दाचे निरनिराळे वापर दिले आहेत : बंदूक घेऊन जाणारा हौशी माणूस, आणि त्याला वाट दाखवणारा इथला जाणकार. एकच शब्द दोघांसाठी. पुस्तकात मात्र पहिल्याला आडनाव, हुद्दा आणि छायाचित्र मिळते. दुसरा बहुधा जातीच्या किंवा कामाच्या नावाने येतो आणि तंबू, दिवा, पिठाचे डबे यांच्या ओळीत मोजला जातो.

माशाचेही असेच झाले. कबिनी नदीत १९४६ मध्ये मैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, महसीर पकडला. ते वजन गळवाल्यांच्या जगात अजून सांगितले जाते. पण हा कावेरीच्या खोऱ्यातला उंच पाठीचा मासा नेमका कोण, हे ठरायला २०१८ साल उजाडावे लागले. दख्खनच्या माशांवर लिहिताना विल्यम सायक्स याने १८३९ मध्ये इथल्या बोलीवरून ‘मुसुल्ला’ असे नाव नोंदवले होते. ते पुढे अनेक वर्षे कावेरीच्या या माशाला चिकटवले गेले, आणि नंतरच्या अभ्यासातून ते दुसऱ्याच माशाचे निघाले. अखेर २०१८ मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे निश्चित झाले. ही जात आधी केरळातील पांबार नदीतून वर्णिलेली होती, आणि तिचे नाव चेन्नईतील प्राणिशास्त्र सर्वेक्षण केंद्रात काम केलेल्या के. रेमादेवी यांच्यावरून ठेवलेले आहे. नाव मिळाले त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. पुस्तकांच्या कपाटात दीडशे वर्षे त्याचे वजन होते, लांबी होती, झुंजीचे तास होते. नाव नव्हते.

या परंपरेत अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. बंगळूरचा केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) याच्या नरभक्षक वाघांच्या कथा पेन्नागरम, होगेनक्कल, अंचेट्टी अशा तेव्हाच्या सेलम जिल्ह्यातल्या रानांत घडतात. तो कथेच्या आरंभी रस्ते, मैल, ओढे, टेकड्या इतक्या बारकाईने मांडतो की नकाशा काढता यावा. त्याच्या लेखनात बैरा नावाचा रानातला माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. त्याला नाव आहे, स्वभाव आहे, मैत्री आहे. तरी कथा अँडरसनची राहते. बैरा त्याच्या कथेत राहतो, पण अँडरसनबद्दल बैराचे मत काय होते ते आपल्याला कळत नाही.

मद्रासच्या मैलापुरात राहणारे मा. कृष्णन (१९१२–१९९६) यांनी वेगळी वाट धरली. १९५० पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘स्टेट्समन’मध्ये निसर्गावर स्तंभ लिहिला. तमिळमध्येही लिहिले. त्यांची तयारी बंदुकीची नव्हती. स्वतः जुळवलेला अवजड कॅमेरा, कृष्णधवल फिल्म आणि अमर्याद सबुरी. त्यांच्या लेखनातून ट्रॉफी ही कल्पनाच हद्दपार झाली. प्राणी दिसला नाही तरी सहल फुकट जात नाही, कारण पाहणे हेच काम. शिकारकथेचा शेवट काढून टाकला तर उरलेले लेखन उभे राहू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. ही वाङ्‌मयीन कामगिरी आहे, नुसती नैतिक नव्हे.

मराठीत व्यंकटेश माडगूळकर याच मार्गाने बंदुकीकडून दुर्बीण आणि रेखाटनवहीकडे आले. पण माझ्या मुद्द्याला अधिक जवळचे आहेत मारुती चितमपल्ली. ते वनाधिकारी. म्हणजे परवाना देणाऱ्या बाजूचे. ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिताना मात्र ते शिष्याच्या जागी बसतात आणि माधवराव पाटील गुरूच्या जागी येतात. तळे, पाखरे, मासे यांचे ज्ञान कुणाकडून मिळाले, ते नावासह सांगितले जाते. गोंड आणि ढीवर माणसांच्या तोंडचे शब्द ते जपून उचलतात. त्यांच्या कोशकार्याची बीजेही इथेच आहेत. चितमपल्लींच्या गद्यावर कधी कधी अद्‌भुताची साय जमते, आणि ऐकीव व पाहिलेले यांतला फरक पुसट होतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण ज्ञानाचे कर्ज मान्य करण्याची त्यांची रीत ‘मानसोल्लास’पासून चालत आलेल्या मौनाला दिलेले मराठीतले उत्तर आहे.

या साऱ्या चर्चेची कसोटी पाहणारा प्रसंग अलीकडचा आहे, आणि तो चेन्नईच्या वेशीवरून सुरू होतो. महाबलीपुरमच्या रस्त्यावर वडनेम्मेली इथे इरुळा सर्पमित्रांची सहकारी संस्था आहे. ती १९७८ मध्ये स्थापन झाली. सापाच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर, सापांचे विष काढून ते प्रतिविषासाठी पुरवायचे आणि साप पुन्हा सोडून द्यायचे, असे काम तिने उभे केले. या समाजातील मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल हे दोघे जानेवारी २०१७ मध्ये फ्लोरिडाला गेले. तिथल्या दलदलीत परके बर्मी अजगर माजले आहेत, त्यांना शोधायला राज्याच्या वन्यजीव खात्याने आणि फ्लोरिडा विद्यापीठाने त्यांना बोलावले होते. सोबत दोन दुभाषे होते. २०१६ च्या महिनाभराच्या खुल्या मोहिमेत हजारावर लोकांनी मिळून १०६ अजगर पकडले होते. या दोघांनी पहिल्या सुमारे दोन आठवड्यांत १३ पकडले. त्यांत सोळा फुटांची एक मादी होती. दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

ही सहल पूर्वीच्या पुस्तकांच्या अगदी उलट आहे. इथे यादीतला माणूसच मोहिमेचा प्रमुख आहे, आणि साहेब त्याच्या मागून चालतो. तरीही तिच्याविषयी लिहिताना जुनी भाषा परतली. उपजत ज्ञान, गूढ शक्ती, जादू असे शब्द सहज आले. वस्तुतः ती रीतसर पद्धत आहे : विष्ठा ओळखणे, कात शोधणे, वाकलेल्या गवताची दिशा वाचणे, ऊन कुठे पडते ते पाहून साप कुठे येईल ते ठरवणे. थॉमसने हेच माशांबद्दल लिहिले तेव्हा आपण त्याला निरीक्षण म्हटले. इरुळा माणूस ते करतो तेव्हा ते रक्तातले ठरते. ज्याला पद्धत मानले जाते त्याला ग्रंथकर्तृत्व मिळते. रक्तातल्या गोष्टीला मिळते ते कौतुक.

म्हणून बहुभाषिक नियतकालिकाच्या वाचकांपुढे हा प्रश्न ठेवावासा वाटतो. जुनी शिकारपुस्तके जरूर वाचावीत, छापावीत, भाषांतरित करावीत. पण भाषांतर करताना तयारीची पाने कापू नयेत. संपादकाने टिपांमधून तिथल्या वाटाड्याचे गाव, जमात, बोली यांचा माग काढावा. आणि वडनेम्मेलीतल्या माणसांकडून, त्यांच्याच बोलीत, परक्या दलदलीत जायची तयारी त्यांनी कशी केली ते ऐकून लिहून घ्यावे. थंडी किती वाटली, बुटांचा त्रास झाला का, अनोळखी गवतात पहिल्या दिवशी काय वाचता आले नाही. ते तमिळमध्ये, मराठीत, कन्नडमध्ये आले तर या लेखनप्रकारात काहीशे वर्षांनी एक नवे पान लिहिले जाईल. त्या पानावर सामानाची यादी असेलच. ती या वेळी त्यांनी केलेली असेल.