दिवा बंद करा. पण मीटरही पाहा

दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो आणि शाळाशाळांतून चित्रकलेच्या व निबंधाच्या स्पर्धा होतात. बटण बंद करणारी मुलगी, हसरा सूर्य, धूर ओकणारी धुराडी ही चित्रे आता आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. या उपक्रमांमागील तळमळीविषयी आम्हाला शंका नाही. परंतु विज्ञानशिक्षण म्हणून त्यांच्याकडे पाहिले की एक मोठी उणीव जाणवते. त्यांत कोठेही मोजमाप नसते.

‘खोलीबाहेर जाताना दिवा बंद करा’ हा उपदेश ६० वॉटच्या पिवळ्या बल्बच्या काळातला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे घरोघरी गेले. साधारण तेवढ्याच उजेडाला आता ९ वॉट पुरतात. दिवा बदलला, धडा मात्र तोच राहिला.

एक सोपे गणित करून पाहू. आंघोळीचे १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आहे. त्यासाठी १५ × ४.२ × २०, म्हणजे १२६० किलोज्यूल उष्णता लागते. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल; तेव्हा एका बादलीला ०.३५ युनिट वीज लागली. एवढ्या विजेवर ९ वॉटचा दिवा सुमारे ३९ तास जळेल! दिवा विसरल्याबद्दल मुलाला रागावणारे आपण गिझरबद्दल मात्र कधी बोलत नाही.

हिशेब इथेच संपत नाही. आपल्या देशातील बहुतेक वीज अजूनही कोळशापासून तयार होते. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते. बाकीची थंड करणाऱ्या पाण्यावाटे व धुराड्यावाटे निघून जाते. म्हणून त्या एका बादलीमागे सुमारे पाव किलो कोळसा जळतो. उष्णतेपासून वीज करायची आणि त्या विजेची पुन्हा उष्णताच करायची, हा उलटा घास आहे. गच्चीवरचा सौर बंब सूर्याची उष्णता थेट पाण्याला देतो, हे त्याचे खरे मर्म. ‘सौरऊर्जा फुकट आहे’ एवढेच सांगून ते मुलांच्या लक्षात येत नाही.

या त्रुटीला सामाजिक बाजूही आहे. वर्गात दोन दिवे व एक पंखा असलेल्या घरातील मुलगा बसतो, तसाच वातानुकूलित खोलीत झोपणाराही बसतो. दोघांना घोषणा एकच. रात्रभर चालणारा दीड टनी वातानुकूलक पाच युनिट सहज घेतो. रोज चार तास लागणारा एलईडी दिवा तेवढ्या विजेवर साडेचार महिने चालेल. आकड्यांविना केलेला उपदेश काटकसरीने राहणाऱ्यालाच अपराधी ठरवतो आणि उधळपट्टी करणाऱ्याला एक बटण बंद केल्याचे समाधान देतो.

मग दिवे बंद करायला शिकवू नये काय? जरूर शिकवावे, सवय चांगलीच आहे. पण कोणती सवय किती मोलाची, हे मुलांनी स्वतः शोधावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेले असते. हा आकडा ३२०० असेल, तर २००० वॉटचा गिझर चालू असताना ठिपका सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकेल. एकटा ९ वॉटचा दिवा चालू असेल तर दोन मिनिटांनी एकदा. मोठ्यांच्या मदतीने, मीटरला हात न लावता, एकेक उपकरण चालू करून ठिपके मोजावेत आणि वर्गात तक्ता करावा. जुना पंखा ७५ वॉट घेतो आणि नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३०, हेही मुलांना मग कोणी सांगावे लागणार नाही.

यंदाच्या डिसेंबरात चित्रांच्या शेजारी असा एक तक्ता लागला, तर स्पर्धेचे बक्षीस आम्ही त्यालाच देऊ.