सोन्याच्या पिंजऱ्याबाहेरच्या मुली

हिल्डे ब्रुख यांचे 'द गोल्डन केज' (१९७८) हे छोटेखानी पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे, पण सावधपणे वाचावे. विषय आहे अॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने अन्न तोडत जाण्याचा आजार. एका रुग्ण मुलीला आपण श्रीमंत घरातल्या सोन्याच्या पिंजऱ्यातली साधी चिमणी वाटत होतो. शीर्षक तिथून आले.

हे शीर्षकच आपली दिशाभूल करते. जत किंवा माण तालुक्यातला शिक्षक म्हणेल, "हे आपल्याकडचे नव्हे." पण २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली. मुली आखाड्यात आल्या आणि वजनगटही त्यांच्या वाट्याला आले. (वजनगट आपल्याला नवे नाहीत. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली फ्लायवेटमध्ये, तर १९५२ साली बँटमवेटमध्ये लढले.) गटात बसण्यासाठी वजन उतरवणे म्हणजे हा आजार नव्हे, संकष्टीचा उपासही नव्हे. चंद्रोदय झाला की उपास सुटतो, कुस्ती झाली की पैलवान जेवतो. या मुलीचे मात्र सुटतच नाही.

पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे ती न खाणारी मुलगी. अधूनमधून ताबा सुटून भराभर खाणारी आणि मग ते ओकून किंवा जुलाबाची औषधे घेऊन काढून टाकणारी मुलगी त्यातून नीट उमगत नाही. १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाचे वर्णन केले. १९९४ च्या अमेरिकन वर्गीकरणात अॅनोरेक्सियाचेच दोन उपप्रकार झाले. बुलिमियात वजन साधारण राहते, इथे ते धोकादायकरीत्या घटलेले असते. ती मुलगी खादाड आहे की ढोंगी? दोन्ही नाही. अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले आणि पुढे अन्न मिळू लागल्यावर काहींना पोट भरूनही थांबता येईना. ताबा सुटणे हे उपाशी शरीराचे उत्तर आहे.

उपासमार थांबल्याखेरीज मनावरचे उपचार लागू पडत नाहीत, हे ब्रुख ठामपणे सांगतात. ही पुस्तकातली मोलाची गोष्ट. मात्र आईवर त्यांनी टाकलेला दोष आज टिकत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा दिसला आहे आणि किशोरवयीन मुलींच्या आजच्या उपचारात आईवडिलांनाच सोबतीला घेतात. तेव्हा पालकसभेत "घरी काय करता हिला?" असे विचारणारे गुरुजी उपचाराचा आधारच तोडतात.

वारंवार ओकल्याने रक्तातले पोटॅशियम घटते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. झिजलेले दात, सुजलेले गाल, बोटांच्या सांध्यांवरचे घट्टे आणि डब्यानंतर रोज लागणारी घाई दिसली, तर वर्गात काही बोलू नये. तिला एकटीला विचारावे, घरी कळवावे आणि डॉक्टरांकडे नेताना ओकण्याची शंका स्पष्ट सांगावी. नाहीतर अशक्तपणाची टॉनिके घेऊन ती परत येईल.