पंडिता रमाबाईंचे बायबल आणि शब्दांवरील अधिकार

१९१० साली एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेहून अधिक प्रतिनिधींत आशियाई वीसही नव्हते. दक्षिण हिंदुस्थानातील व्ही. एस. अझरिया यांनी तेथे पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडे मैत्रीची मागणी केली. समान नेतृत्वाचा प्रश्न परिषदेत असा परस्परसंबंधांचा म्हणून पुढे आला. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई तो भाषेच्या क्षेत्रात सोडवू पाहत होत्या. मूळ हिब्रू व ग्रीक संहितांवरून त्या बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या.

मराठीत ख्रिस्ती वाङ्मय तोवर पुष्कळ झाले होते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ योजण्यास त्यांना संकोच वाटला नाही. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने नवा करार मराठीत आणला. पनवेल-अलिबाग पट्ट्यातील बेने इस्रायल समाजासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि शब्द मराठी असले तरी निर्णय मिशनऱ्याचा, हा क्रम त्यांत कायम राहिला.

रमाबाईंनी तो मोडला. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून खेड्यातील स्त्रीला दुर्बोध आहे, शिवाय त्यातील अनेक शब्द हिंदू शास्त्रांतील अर्थ मागे ओढून आणतात, असा त्यांचा आक्षेप होता. १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळविणाऱ्या विदुषीने हा आक्षेप घ्यावा, यातच त्याचे वजन आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्ती मिशनच्या छापखान्यातून संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

आक्षेपाचा पहिला भाग निर्विवाद होय. दुसरा मात्र भाषाशास्त्राच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या कुळावर नव्हे, वापरावर ठरतो. नव्या समाजाच्या मुखी जुना शब्द नवा अर्थ धारण करतो. ना. वा. टिळकांनी नेमका हाच मार्ग धरला. संतांचे अभंग व ओवी हे छंद त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी निःशंकपणे स्वीकारले, आणि १९१७ साली मिशनच्या चाकरीबाहेर पडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला.

रमाबाई व टिळक यांचे मार्ग परस्परविरोधी आहेत. परंतु हा विरोधच आमच्या मते मोलाचा आहे. येथे दोन मराठी ख्रिस्ती लेखक आपल्या भाषेविषयी भिन्न निर्णय घेतात आणि त्यासाठी कोणाची अनुज्ञा मागत नाहीत. रमाबाईंच्या भाषांतराने बायबल सोसायटीच्या भाषांतराची जागा घेतली नाही, एवढ्यावरून ते अपयशी म्हणता येणार नाही. समितीत स्थान मिळाल्याने नेतृत्वाची वाटणी होतेच असे नाही. ‘देव’, ‘पाप’, ‘तारण’ यांसाठी कोणता शब्द योजावयाचा, हे ज्याची ती भाषा आहे तोच ठरवू लागला, म्हणजे ती झाली असे समजावे.