केसांचा ‘प्रकार’ कोणता? एका चार्टची चिकित्सा

मागच्या महिन्यात नुकतीच पेट पास झालेली एक ज्युनिअर सिनॉप्सिस घेऊन माझ्याकडे आली. विषय चांगला होता: वसतिगृहातल्या मुली केसांच्या निगेवर किती खर्च करतात आणि तो केसांच्या प्रकारानुसार बदलतो का. ‘संशोधन साधन’ या मथळ्याखाली तिने इंटरनेटवर सगळीकडे फिरणारा तो चार्ट चिकटवला होता. १ए पासून ४सी पर्यंत चित्रं. मुलींनी चित्र बघून आपला प्रकार निवडायचा, झालं.

मी म्हटलं, "आधी माझा प्रकार सांग."

"ताई, तुमचे २बी."

तिची मैत्रीण मागून बघून म्हणाली, "छे, ३ए आहेत." मला स्वतःला विचाराल तर पुढची बट बघून मी १सी म्हटलं असतं. डोकं एक, उत्तरं तीन. हे आरआरसीसमोर झालं असतं तर?

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर रेडीमेड साधन उचलण्याचा मोह तुम्हालाही होणार. म्हणून आज या चार्टची नीट झडती घेऊ. केसांचंही थोडं भलं होईल.

चार्ट आला कुठून?

आंद्रे वॉकर हे ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार. त्यांनी १९९७ साली ‘आंद्रे टॉक्स हेअर’ या पुस्तकात ही विभागणी मांडली: १ सरळ, २ लाटांसारखे, ३ कुरळे, ४ घट्ट कुरळे आणि त्यांचे पोटप्रकार. आज दिसणारे ३सी आणि ४सी हे खाने नंतर वापरणाऱ्यांनी जोडले. म्हणजे हे प्रयोगशाळेतलं साधन नाही, एका अनुभवी कारागिराची कामचलाऊ भाषा आहे. त्यात वाईट काही नाही. ज्या मुलींना लहानपणापासून ‘केस पिंजारलेत, विंचरून ये’ एवढंच ऐकायला मिळालं, त्यांना आपल्या केसांना नाव आहे हे पहिल्यांदा या चार्टमुळे कळलं. मीही त्यातलीच. हे श्रेय चार्टला द्यायलाच हवं. प्रश्न येतो तो त्याच्याकडून मोजमापाचं काम करून घेतल्यावर.

विश्वसनीयता

साधन विश्वसनीय असेल तर पुन्हा मोजल्यावर आणि दुसऱ्याने मोजल्यावरही उत्तर साधारण तेच यायला हवं. इथे ते का येत नाही? केस ओला झाला की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. त्यामुळे ओले केस सरळ दिसतात, ड्रायरने दिलेला आकार पुढच्या धुण्यापर्यंतच टिकतो आणि दमट हवेत केस पुन्हा वळतात. आपल्या संभाजीनगरात मे महिन्याच्या कोरड्या हवेत घेतलेली नोंद आणि जुलैतल्या पावसात घेतलेली नोंद सारखी येईल, याची खात्री कोण देणार? शिवाय एकाच डोक्यावर मानेजवळचे केस वेगळे, पुढचे वेगळे.

रिबॉण्डिंग केलं असेल तर आणखी घोळ. त्यात डायसल्फाइड बंध तोडून नव्याने बांधतात. तो बदल त्या केसापुरता कायमचा, पण मुळातून नवा केस आपल्या मूळ वळणानेच येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. म्हणून नैसर्गिक प्रकार बघायचा तर टोकाकडे नाही, मुळाकडे बघा.

सप्रमाणता

जे मोजायचं आहे तेच मोजलं जातंय का? चार्ट फक्त वळण सांगतो. निगा राखायला लागते ती बाकीची माहिती: केस बारीक की जाड, दाट की विरळ, टाळू तेलकट की कोरडी, केस पाणी लवकर शोषतो की उशिरा.

शेवटच्या गोष्टीसाठी एक ‘ग्लास टेस्ट’ सांगतात. केस पाण्यात टाका, तरंगला तर पोरॉसिटी कमी, बुडाला तर जास्त. करून बघा, पण आधी विचार करा. केसाची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट आहे. म्हणजे तो बुडायलाच हवा. तरंगतो तो पृष्ठताणामुळे, आणि त्यावर तेल असेल तर आणखी जास्त वेळ. म्हणजे ही टेस्ट बऱ्याच अंशी तुम्ही काल तेल लावलं होतं का, हेच मोजते! सप्रमाणता नसलेल्या साधनाचं याहून सोपं उदाहरण मला वर्गात द्यायला सापडलेलं नाही.

आकडे आहेत, पण कसले?

१, २, ३, ४ बघून काही जण सरळ सरासरी काढतात: ‘गटाचा सरासरी केसप्रकार २.४’. या संख्येला अर्थ नाही. ही नावं आहेत, प्रमाण नाही. आणि सरळ केसांना ‘१’ देऊन घट्ट कुरळ्यांना शेवटी बसवलं, की नकळत उतरंड तयार होते, ही टीका या चार्टवर बऱ्याच वर्षांपासून होते आहे.

ही टीका फाजील वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांनी केसांच्या रंगाचे क्रमांक दिलेल्या नमुन्यांची पट्टी बनवली. १९०८ साली आजच्या नामिबियात मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन त्यांनी वंशभेदाचे निष्कर्ष काढले. याच फिशर यांच्या बर्लिनमधल्या संस्थेत १९२८ साली आपल्या इरावती कर्वे पीएच.डी.साठी गेल्या. कवटीच्या दोन बाजूंमधली असमानता वंशानुसार बदलते, युरोपीय माणसात ती जास्त, असं गाइडचं गृहीतक. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असं लिहून दिलं. गाइडसमोर, परक्या देशात. पुढे त्यांनी महाराष्ट्रातही शरीराची मोजमापं घेतली, म्हणजे मोजणं सोडलं नाही. आकडे गृहीतकाच्या बाजूने वळवायला तेवढा नकार दिला. तुमच्या टेबलवर हे वाक्य लिहून ठेवलंत तरी चालेल.

मग चांगलं मोजमाप कसं दिसतं?

२००७ साली लॉरिआलच्या संशोधकांनी अनेक देशांतल्या लोकांच्या केसांचं वर्गीकरण केलं. वळणाचा व्यास, वळणाचा निर्देशांक, लाटांची संख्या अशी मापं घेऊन आठ प्रकार पाडले, माणसाच्या वंशाचं नाव न घेता. मर्यादा एवढीच, की मोजला जातो तो सुटा केस, आणि तुम्हाला आरशात दिसतं ते अख्खं डोकं.

दुसरं उदाहरण घरचं. २००३ साली मुंबईच्या रेले आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली. केसातून किती प्रथिन निघून जातं हे मोजलं. ते लक्षणीय कमी झालं फक्त खोबरेलाने, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कारणही दिलं: त्यातल्या लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसात शिरू शकतो. लेखक मॅरिकोचे, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे. म्हणून निबंध फेकायचा का? नाही. पद्धत तपासायची आणि निष्कर्ष जेवढा आहे तेवढाच घ्यायचा. प्रथिनाची झीज कमी होते, एवढंच. केस वाढतात, गळणं थांबतं, हे त्यात नाही.

आता माझी चूक

फेलोशिपचे पहिले पैसे आले तेव्हा मी चार्टवर ‘२बी’ ठरवलं आणि त्या प्रकारासाठी सांगितलेलं जाड क्रीम आणलं. माझे केस बारीक, क्रीमने ते चिपकू लागले. मग वैतागून स्मूदनिंग केलं. सहा महिन्यांत टोकं तुटायला लागली. मधल्या काळात मी बेगमपुऱ्यात खोलीवर राहायला आले होते आणि धुणं सगळं बोअरच्या जड पाण्यावर, हे चल मी लक्षातच घेतलं नव्हतं.

शेवटी अर्ध्या डोक्याची चाचणी केली. सौंदर्यप्रसाधनांच्या संशोधनात ती खरोखर वापरतात. नाणं उडवून बाजू ठरवली. उजवी बाजू बोअरच्या पाण्याने, डावी साठवलेल्या नळाच्या पाण्याने धुतली, शाम्पू तोच. कोणती बाजू कोणती हे न सांगता रूममेटला विंचरायला लावलं. महिनाभर जवळपास दर वेळी तिला उजवीकडे केस राठ आणि गुंता जास्त लागला. नमुना एकाचाच, त्यामुळे यावरून शहराबद्दल काही म्हणायचं नाही. पण माझ्यापुरता निर्णय झाला: शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने.

तुम्ही काय कराल?

काही न लावता धुवा, आपोआप वाळू द्या, मग मुळाजवळ तीन-चार ठिकाणी बघा. एक केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी धरून जाडी बघा. धुतल्यावर टाळू किती दिवसांत तेलकट होते, केस वाळायला किती वेळ लागतो, हे चार आठवडे वहीत लिहा. बारीक केसांना हलकं, जाड आणि कोरड्यांना जरा जड. कुरळे असतील तर किंचित ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि चट्ट्याचट्ट्याने केस जात असतील तर वही बाजूला ठेवा, घाटीतला त्वचारोग विभाग गाठा.

ज्युनिअरने साधन बदललं. आता चित्राऐवजी निरीक्षणाच्या नोंदी आहेत आणि दोन जणी स्वतंत्रपणे त्या भरणार आहेत. दोघींचं किती जुळतं, हे ती आधी तपासणार आहे. तुमचं साधन कोणतंही असो, आरआरसीच्या आधी ते एकदा स्वतःच्या डोक्यावर चालवून बघा.